रविवारी कपडे वाळत घालत नाहीत

२ मे, मंगळवार

सातव्या पायरीवर थांबले बाबा. मार्चमध्ये थांबत नव्हते. एप्रिलमध्ये नवव्या पायरीवर थांबायचे, आणि तेही टोपी नीट करतोय असं दाखवून. आज टोपीला हातसुद्धा लावला नाही. शिडीला धरून नुसते उभे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजलं – चाळीस सेकंद! कबुतरांच्या ढाबळीच्या शिडीला अकराच पायऱ्या आहेत.

खाली आल्यावर विचारलं. म्हणाले, "वय झालंय, हिल्डे. चौऱ्याहत्तर. तू चढून दाखव बघू."

मी काही चढून दाखवली नाही. ढाबळीत पाय ठेवून मला तीस वर्षं होऊन गेली.

४ मे, गुरुवार

पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडत बसले होते. पोट सुटलं म्हणून नव्हे, पट्टा सैल झाला म्हणून! शनिवारी ढाबळ खरवडतात, संध्याकाळी अंग मोडून येतं, थंडी वाजते, ताप चढतो. सोमवारी बरे. "वारा लागला." दर शनिवारी बरा लागतो वारा.

फुप्फुसांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर पहिल्याच हाकेला "चल" म्हणाले. याचीच जास्त भीती वाटली.

९ मे, मंगळवार

डॉ. फेरकामेन. आमच्याच हॉस्पिटलातल्या, दोन मजले वर. मी खाली प्रयोगशाळेत त्यांच्या पेशंटांच्या फुप्फुसांतल्या पेशी मोजते, गेली पंचवीस वर्षं. बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठ्या. "खाली करकर ऐकू येतेय." पुढच्या मंगळवारी दुर्बीण. नळीवाटे फुप्फुसात थोडं सलाईन सोडायचं, ते परत ओढून घ्यायचं, आणि त्या पाण्यात कोणत्या पेशी आल्या ते बघायचं. म्हणजे मी बघायचं.

गाडीत बसल्यावर फॉर्मची प्रत वाचली. धूम्रपान – सोडलं. नोकरी – जवसाच्या गिरणीत, निवृत्त. घरात पाळीव प्राणी – नाही.

"बाबा! नाही?"

"नाहीच. कुत्रं आहे का? मांजर आहे?"

"एकशे दहा कबुतरं आहेत!"

"ती काय पाळीव आहेत? मांजर पाळतात. कबुतरं उडवतात. विचार मॉरिट्सला."

मॉरिट्सला काय विचारायचं! शेजारचा मॉरिट्स, त्याची स्वतःची ऐंशी. तोही तेच लिहिणार. या गावातला कुठलाही कबुतरवाला तेच लिहील, आणि त्यात खोटं बोललो असं एकालाही वाटणार नाही. पण बाबांना वाटलं असावं. कारण पुलापाशी आल्यावर हळूच म्हणाले, "तू सांगू नकोस. सांगितलंस तर बार्सिलोना गेलं."

बार्सिलोनाहून इथपर्यंत हजार किलोमीटरच्या वर. जुलैची शर्यत. पांढरपंख्या, त्यांचं लाडकं पाखरू, या वर्षी तयार आहे म्हणतात.

मी गप्प बसले. उद्या बाईंना फोन करीन.

१० मे, बुधवार

केला नाही.

१६ मे, मंगळवार

आमच्याकडे नमुन्याच्या नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. बाबांचा मला पाठ होता. घरच्या माणसाची नळी असेल तर दुसऱ्याच्या हाती द्यायची, हा नियम. माझ्यासोबत काम करणारी नेले जेवायला गेली होती. तिच्यासाठी दहा मिनिटं थांबता आलं असतं. नाही थांबले.

निरोगी माणसाच्या शंभर पेशींत ऐंशी-पंच्याऐंशी मोठ्या असतात. त्या झाडूवाल्या – आत आलेली धूळ गिळून टाकतात, गाजावाजा करत नाहीत. लिम्फोसाइट दहा-पंधरा. छोट्या, गोल, गडद. या लक्षात ठेवणाऱ्या. एकदा एखाद्याला शत्रू ठरवलं की वीस वर्षांनीही विसरत नाहीत.

बाबांच्या शंभरात एकसष्ट लिम्फोसाइट.

परत मोजल्या. त्रेसष्ट. परत मोजल्या. एकसष्ट. मधूनमधून मोठ्या पेशी, पोटात फेस धरलेल्या. असं चित्र मी विद्यार्थ्यांना दाखवते! 'बघा, हा पेशंट काहीतरी हुंगतोय. बुरशी लागलेलं गवत असेल, नाहीतर पाखरं.' पिसांची भुकटी, विष्ठेची धूळ. त्यात कोणाला मारण्यासारखं काही नसतं. जंतू नाही, विष नाही. पण या पेशी तिच्यावर तुटून पडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मारामारी त्यांची, घर मोडतंय बाबांचं. जिथे मारामारी होते तिथे व्रण राहतो, आणि व्रणातून श्वास जात नाही.

नेले जेवून आली. "काय गं, भूत बघितलंस?"

मी म्हटलं, जेवण नीट झालं नाही. खरं म्हणजे झालंच नव्हतं.

१७ मे, बुधवार

दोन मजले चढून गेले आणि सांगितलं. डॉ. फेरकामेननी हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती आहेत?"

"एकशे दहा."

"आणि हे तुम्ही आठवडाभर..." पुढचं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोटोत फुप्फुसांच्या कडांना बारीक व्रण आहेत. ते भरून येणार नाहीत. बाकीची सूज गोळ्यांनी आणि पाखरं गेल्याने उतरेल. "पाखरं गेल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग नाही. एका महिन्यात काढायची, हिल्डे. वर्षभराने नव्हे."

१९ मे, शुक्रवार

घरात बोलणं बंद. सकाळी टेबलावर एकच कप.

"तूच सांगितलंस."

"हो."

"अस्तनीतला निखारा!" मग खोकला आला आणि पुढच्या शिव्या राहून गेल्या. मी पाणी दिलं. पाणी घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

मला त्यांचा राग परवडेल. सातवी पायरी परवडणार नाही. आज पाचव्यावर थांबले.

२१ मे, रविवार

शर्यतीचा दिवस. सगळी गल्ली चिडीचूप. दोन्ही अंगणांत खुर्च्या, खुर्च्यांत म्हातारे, सगळ्यांच्या माना दक्षिणेकडे. रविवारी इथे कोणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही. फडफडणारी चादर पाहिली की पाखरू बुजतं, घिरट्या घालत बसतं, आणि आत येऊन पायातलं कडं घड्याळात नोंदलं जाईपर्यंत शर्यत संपत नाही. मी अकरा वर्षांची असताना आईने एकदा चादर घातली होती. पाखरू नऊ मिनिटं छपरावर. बाबा तिला काही बोलले नाहीत, नुसती चादर काढून घडी करून तिच्या हातात दिली. त्यानंतर चाळीस वर्षं ती रविवारचे कपडे तळघरात वाळवत होती. माझ्या शाळेच्या गणवेशाला कायम कुबट वास यायचा. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी इथे परत राहायला आले. मीही तळघरातच वाळवते.

पाखरं आली, नोंदली गेली. मग बाबा आपणहून बोलले. दोन दिवसांनी!

"बार्सिलोना होऊ दे. मग सगळी काढतो."

"कोणाला देणार?"

प्रश्न चुकीचाच होता. इथून उडालेलं पाखरू कोणाला देता येत नाही. फ्रान्समध्ये नेऊन सोडा, परत येऊन इथेच बसेल. एक तर दुसऱ्याच्या बंद ढाबळीत मरेपर्यंत कैद, नाहीतर –

"मॉरिट्सकडे मोठं पातेलं आहे," बाबा म्हणाले.

मग मीच तोडगा काढला. बाबांनी वर जायचं नाही, शिडीला हातही लावायचा नाही. बार्सिलोनापर्यंत ढाबळ मी बघणार.

"तू?"

"शनिवारी शनिवारी मीच खरवडायची ना? अठरा वर्षांची होईपर्यंत?"

हसले! किती दिवसांनी. आपण फार शहाणपणा केला असं मला वाटतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या पाखरं काढा. मी बाबांना काढलं. फुप्फुसाला काय फरक पडतो?

२८ मे, रविवार

आठवडाभर वर जातेय. बाबांचा राखाडी कोट घालून, कारण पाखरं चेहरा ओळखत नाहीत, कोट ओळखतात. तो कोट कधी धुवायचा नाही. गुडघ्यापर्यंत येतो, खिशात दाणे आणि जुने चिमटे.

मास्क लावून गेले होते, प्रयोगशाळेतला, पांढरा. ढाबळीत हलकल्लोळ! भिंतींवर आपटली, दोन अंडी फुटली. खालून बाबा ओरडले, "काढ ते थोबाडावरचं! ससाणा वाटतेस त्यांना!"

काढला. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

११ जून, रविवार

बाबा गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता गेले आणि आले! वजन दीड किलो वाढलं. गोळ्यांनी तोंड चंद्रासारखं झालंय. मॉरिट्स बाबांना म्हणतो, "ओडिल, लग्नाला उभा राहा आता."

खाली खुर्चीत बसून हुकूम सोडतात. पाणी बदललंस? गव्हाळीला वेगळं ठेवलंस? गव्हाळी ही पांढरपंख्याची मादी. शर्यतीच्या नराला आठवडाभर मादीपासून तोडून ठेवायचं, म्हणजे तो घरी यायची घाई करतो. मी म्हटलं, दुष्ट आहात. "अगं, तुझी आई माहेरी गेली की मी किती जोरात सायकल मारायचो!"

आई असताना असं कधी बोलले नाहीत. वरची फळी खरवडता खरवडता मला रडू आलं. धुळीने डोळे चुरचुरतच होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

ढाबळीच्या ज्या वासापासून मी पळून गेले होते तो आता आवडायला लागलाय.

२० जून, मंगळवार

सर्दी. शनिवारी संध्याकाळी थंडी वाजली, रविवारी दिवसभर अंग दुखलं. नेलेलाही सर्दी आहे. साथ असणार.

२५ जून, रविवार

नेलेची सर्दी गेली.

३ जुलै, सोमवार

पांढरपंख्याला पेटीत घालून कबुतरवाल्यांच्या क्लबात नेऊन दिलं. निघण्याआधी गव्हाळीला त्याच्यासमोर दहा मिनिटं ठेवायचं, हात लावू द्यायचा नाही. त्याचा गळा फुगला, घुमला, गोल गोल फिरला. बाबांनी खालून विचारलं, "बघितलं त्याने तिला? नीट बघितलं?" जणू पोराला परीक्षेला पाठवतायत.

हॉस्पिटलात जिना चढताना दम लागला. वजन वाढलं असेल. काट्यावर उभी राहिले – तीन किलो कमी.

काटा बिघडलाय.

७ जुलै, शुक्रवार

आज सकाळी सोडलं. बाबांनी दुपारी जेवण टाकलं. मीही. वाऱ्याचं तोंड कुठे आहे ते दर तासाला रेडिओवर ऐकायचं. पांढरपंख्या उद्या आला की परवापासून ढाबळ रिकामी. बाबांनी शब्द दिलाय. मी दिवस नाही, तास मोजतेय.

८ जुलै, शनिवार

आला! नऊ वाजून तेरा मिनिटांनी. दक्षिणेकडून नाही, मॉरिट्सच्या नाशपातीच्या झाडावरून, खालून, दमलेला. मी वर होते, कोट घालून, हातात दाण्यांचा डबा. छपरावर बसला. आता फक्त फळीवरून आत यायचं. मी डबा हलवला, हाक मारली –

आणि मला खोकला आला.

थांबेना! कोटाची बाही तोंडात कोंबली तरी थांबेना. पांढरपंख्या बुजून धुराड्यावर जाऊन बसला. खाली बाबा दोन्ही हात वर करून मुके उभे. चार मिनिटं! हजार किलोमीटर उडून आला आणि चार मिनिटं माझ्यापायी धुराड्यावर बसला. मग आला आत, सरळ गव्हाळीकडे.

नंबर चांगला लागला. चार मिनिटं आधी आला असता तर फारच चांगला लागला असता.

"आजच खोकायचं होतं तुला?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

९ जुलै, रविवार

"बाबा, झालं ना बार्सिलोना."

"या वर्षीच्या पिल्लांची ऑगस्टमध्ये एक शर्यत आहे."

"शब्द दिला होतात."

"एकच शर्यत, हिल्डे. आता बरं वाटतंय मला."

बरं वाटतंय, कारण वर मी जाते! हे बोलले नाही. भांडायला श्वास पुरला नाही, हे खरं कारण. बसूनही पुरत नव्हता. आपलं नको तिथे लक्ष जातं, दुसरं काय.

१७ जुलै, सोमवार

जेवताना बाबांनी काटा खाली ठेवला.

"शिडीवर कुठे थांबलीस?"

"थांबले नाही."

"आठव्या पायरीवर. पंचवीस सेकंद. मी खिडकीतून मोजलं."

मी ताटातले बटाटे कुस्करत बसले.

"केस नीट करत होते," मी म्हटलं.

२४ जुलै, सोमवार

डॉ. फेरकामेननी माझ्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. तशाच आठ्या.

"कोट कुठला घालत होता?"

सांगितलं.

"मास्क?"

सांगितलं. हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "लहानपणीही जायचात ढाबळीत?"

अठराव्या वर्षापर्यंत. दर शनिवारी. आणि ताप? हो, यायचा की. आई म्हणायची वाढीचा आहे.

म्हणजे माझ्या पेशींनी तेव्हाच ओळखून ठेवलं होतं. मी गाव सोडलं, लग्न केलं, मोडलं, तीस वर्षं शहरात काढली – आणि त्या आत बसून राहिल्या, बंद पेटीतल्या पाखरासारख्या. कोट घातला आणि पेटी उघडली. आपली वाट बरोबर सापडली त्यांना!

आजपासून वर जायचं नाही. दाणापाणी मॉरिट्स बघणार. बाबांना अजून फक्त 'तपासणी' एवढंच सांगितलंय.

१ ऑगस्ट, मंगळवार

दुर्बीण. घशात नळी जाते तेव्हा वाटतं हे पाणी बाहेर येणारच नाही. लोकांना पंचवीस वर्षं सांगत आले, 'काही नाही हो, दहा मिनिटांचं काम.' लोका सांगे ब्रह्मज्ञान! खोकत खोकत खाली आले तर माझी नळी नेलेच्या टेबलावर. नंबर झाकून ठेवला होता तिने. माझ्यापासून झाकते!

या वेळी नियम पाळला. पाठ फिरवून बसले. तिच्या मोजणीच्या यंत्राची टकटक ऐकू येत होती. छोट्या पेशींची कळ आणि मोठ्यांची कळ, दोन्हींचा आवाज वेगळा आहे. हे आजपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. शेवटी शेवटी कान बंद केले.

३ ऑगस्ट, गुरुवार

नेलेने कागद उलटा ठेवला आणि माझ्यासाठी कॉफी आणायला गेली. कॉफी आणेपर्यंत मी बघावं म्हणून.

अठ्ठावन्न.

फोटोत व्रण अजून नाहीत. 'अजून' या शब्दावर दिवसभर अडकले आहे. सुट्टी, गोळ्या, आणि पाखरं असलेल्या घरात राहायचं नाही. म्हणजे बाबांना सोडून जायचं. ते एकटे राहिले की शिडी चढणार, चढले की – हा हिशेब काही सुटत नाही.

घरी येऊन सांगितलं. बाबांनी स्वतःचा आकडा तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

"किती?"

"अठ्ठावन्न."

"माझे किती होते?"

"एकसष्ट."

"तीन गुणांनी हरलीस," म्हणाले. उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून शिडीकडे बघत होते.

"शनिवारी नेलेकडे जा. तिथेच राहा रात्री."

"का?"

"जा म्हटलं ना."

५ ऑगस्ट, शनिवार

नेलेच्या घरी. तिने सूप केलं, मी प्यायले नाही. बाबांना चार वेळा फोन लावला. उचलत नाहीत. वर गेले असतील. पडले असतील. मॉरिट्सलाही लावला. तोही उचलत नाही.

६ ऑगस्ट, रविवार

सकाळी नऊला परत आले. फाटकातूनच दिसलं – अंगणात दोरीवर कपडे. चादरी, माझे टॉवेल, आईचा टेबलावरचा कापडी रुमाल. शेवटी राखाडी कोट, धुतलेला, बाह्यांतून पाणी ठिबकतंय. वर ढाबळीचं दार सताड उघडं. काही आवाज नाही. शिडीपाशी मॉरिट्सचं मोठं पातेलं, घासून उपडं ठेवलेलं.

बाबा खुर्चीत बसले होते, चिमटे मांडीवर. "वारा चांगला आहे," म्हणाले. "दुपारपर्यंत वाळतील."